ठेवणीतला व्हेस्ट

स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याला पोपटी-पिवळा सेफ्टी व्हेस्ट घालून उभा राहिलेला बाप मी आयुष्यात एकच पाहिला. खाली सिल्कचा कुर्ता, गळ्यात मोत्यांची माळ, आणि वरून तो डोळ्यांत घुसणारा व्हेस्ट, त्यावर चंदेरी पट्ट्या. पिस्कॅटवेच्या बँक्वेट हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये काका एका हाताने व्याह्यांच्या गाड्या मागे घ्यायला लावत होते आणि दुसऱ्या हाताने, पैठण्या सावरत उतरणाऱ्या बायकांना अडवत होते. "थांबा वहिनी! आधी त्या ड्रायव्हरकडे बघा. त्याने बघितलं का तुमच्याकडे? बघितलं? आता या." आत कुणीतरी विहीणबाईंना विचारलं, मुलीचे वडील कुठे दिसत नाहीत? त्या म्हणाल्या, अजून आले नाहीत वाटतं, बाहेरच्या पार्किंगवाल्याला विचारा.

काकू कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "सांगून सांगून दमले गं. म्हटलं, निदान फोटोपुरता तरी काढा. तर म्हणतात कसे, अगं, हा ठेवणीतला आहे."

आणि होता, खरंच ठेवणीतला होता. रोजचे व्हेस्ट वेगळे, ते कामावर जायचे. हा सणासमारंभाचा. कपाटात काकूंच्या शालूशेजारी हँगरला लटकलेला असायचा. ब्लीच नाही, इस्त्री नाही, वॉशिंग मशीन तर नाहीच. इस्त्रीने पट्टीची चमक जाते म्हणे. काकू तो बेबी शाम्पूने हातावर धुवायच्या आणि धुताना जे बोलायच्या ते मी इथे लिहीत नाही. 

काका आमच्या वेअरहाउसचे सेफ्टी मॅनेजर. डाळी, मसाले, फ्रोझन पराठे, देवाच्या उदबत्त्यांपासून प्रेशर कुकरच्या रिंगांपर्यंत सगळं मायदेशातून आमच्याकडे यायचं आणि इथून देशी दुकानांत जायचं. मी नागपूरची, व्हिसावर आलेली, वरच्या मजल्यावर इन्व्हेंटरीचं सॉफ्टवेअर सांभाळायला लागले होते. पहिल्याच दिवशी एका स्कॅनरचं काय बिघडलंय ते बघायला खाली फ्लोअरवर गेले. काळी पँट, काळा स्वेटर, हातात काळा लॅपटॉप. पुण्याच्या आधीच्या नोकरीत माझ्या टीममध्ये सगळे असेच फिरायचे, त्यात काय मोठंसं?

"एऽऽ काळी मांजर!"

मराठीत! मी जागच्या जागी थिजले. समोरून एक ठेंगणेसे, टकले, पिवळेजर्द गृहस्थ येत होते.

"मराठी आहात तुम्ही?" मी म्हटलं.

"ते नंतर. आधी हे सांग, तू आत्ता मला दिसते आहेस का?"

"दिसतेय ना..."

"मला दिसून काय उपयोग? मी तुला धडकणार आहे का?" मागे बोट करत ते म्हणाले, "त्या ह्यूगोला दिसतेस का ते विचार." मागे फोर्कलिफ्टवर बसलेला ह्यूगो तांदळाच्या पोत्यांची डोक्यापेक्षा उंच चळत घेऊन येत होता. पोत्यांच्या आडून त्याचं फक्त एक कोपर दिसत होतं. काकांनी हात वर केला, ह्यूगो थांबला, वाकून माझ्याकडे बघितलं आणि हसून हात हलवला.

"बघ. आपण बघायचं, त्याने बघायचं, हात हलवायचा, मग पाऊल. आता नाव सांग. कुठली तू?"

नागपूरची म्हटल्यावर खूष झाले. त्यांची एक मावशी धंतोलीला होती. बोलता बोलता मला व्हेस्ट चढवून, त्याची चेन गळ्यापर्यंत ओढूनही झाली होती. उघडा व्हेस्ट त्यांना खपत नसे. "फडफडत गेलीस आणि कशात अडकलीस म्हणजे? एवढ्यासाठी दिलाय का मी तो?"

व्हेस्टवर त्यांची श्रद्धा होती, पण आंधळी नाही, हे मला हळूहळू कळलं. नवीन मुलं व्हेस्ट चढवून फोर्कलिफ्टच्या वाटेत फोन बघत उभी राहिली की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "हे काय चिलखत वाटलं तुम्हाला? दिसणं हे निम्मं काम. त्याने तुम्हाला बघितलंय की नाही, हे बघणं उरलेलं निम्मं. ड्रायव्हर म्हणजे तुमची सासू नाही, की तुम्ही कुठे, काय करताय, ते पाठमोऱ्यानेही कळावं!"

माणूस नोकरी करून घरी येतो तेव्हा नोकरी तिथेच ठेवतो. काका बरोबर आणायचे. देशी ग्रोसरीच्या दुकानात कार्ट ढकलताना डाळींची रांग संपून लोणच्यांची सुरू व्हायच्या वळणावर ते थांबायचे आणि खणखणीत आवाजात ओरडायचे, "कॉर्नर!" पलीकडून येणाऱ्या गुजराती आजी दचकून हातातली मेथी टाकायच्या. काकू मग दोन रांगा सोडून चालायच्या, ओळख न दाखवता. पार्किंगमध्ये गाडी नाकासमोर कधी लावायचे नाहीत. येतानाच उलटी घालून लावायची, म्हणजे निघताना पुढचं दिसतं. सकाळी फिरायला व्हेस्ट, देवळात व्हेस्ट. देवळात चपला काढायचे, व्हेस्ट नाही. एका लहान मुलीने तर, शाळेजवळ रस्ता ओलांडायला मदत करणारे समजून, त्यांना "आर यू अ क्रॉसिंग गार्ड?" विचारलं होतं. काका म्हणाले, "येस." पुढे स्पष्टीकरण नाही.

आणि त्या संक्रांतीचं काय सांगू! काकूंनी हळदीकुंकू केलं. साठ-सत्तर बायका, हलव्याचे दागिने, काळ्या चंद्रकळा, सगळं कसं साग्रसंगीत. वाण आणायचं काम काकूंनी विश्वासाने काकांवर सोपवलं. आम्ही वाण उघडलं, तर आत मनगटाला बांधायच्या चमकत्या पट्ट्या!

"अहो, काय हे?" काकू किंचाळल्याच.

काका दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "सगळ्या जणी काळं नेसून अंधारात पार्किंगमधून जाणार. लुटा की आता वाण." त्या संध्याकाळी आमच्या काळ्या साड्या कुणाला दिसल्या नसतील, पण गाड्यांच्या उजेडात मनगटं मात्र लखलखत गेली. बायका आठवडाभर हसत होत्या. पट्ट्या मात्र कुणी टाकल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

एवढं वेड म्हटल्यावर लोक गोष्टी रचणारच. कुणी म्हणायचं, त्यांचा मित्र नाशिकच्या कारखान्यात ट्रकखाली आला. कुणी म्हणायचं, भाऊ. एकाने तर काकांचा एक पाय लाकडी असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. मी सत्यनारायणाला त्यांना मांडी घालून बसलेलं पाहिलंय, दोन्ही पाय चांगले हाडामांसाचे आहेत. शेवटी एकदा लंचला मी विचारूनच टाकलं.

"काका, खरं सांगा. काय झालं होतं?"

"कुठे?"

"म्हणजे, तुमच्या आयुष्यात. ज्यामुळे तुम्ही असे..."

"असा वेडा झालो?" ते डब्यातली मेथीची भाजी पोळीत गुंडाळत म्हणाले, "काही झालं नाही गं. इतकी वर्षं या धंद्यात आहे, माझ्या नजरेखाली कुणाचं बोट चेपलं असेल, तेवढंच. झाल्यावर व्हेस्ट वाटत फिरायचं म्हणजे वरातीमागून घोडं."

मग माझ्याकडे न बघता बोलले. "पण एक आहे. पूल बांधणारा पूल दाखवतो. डॉक्टर म्हणतो, हा बघा, माझा पेशंट चालतोय. मी काय दाखवू? न झालेला अपघात? लोक म्हणतात, काका, व्हेस्ट नसता तरी काही झालं नसतं. आणि मला काही बोलता येत नाही. काय बोलणार? एवढी नोकरी केली, रिटायर व्हायला आलो, हे पिवळं खरंच उपयोगी पडतं याचा एक पुरावा माझ्या हातात नाही."

हसत बोलले, पण मला ते लागलं. भाजी तशीच राहिली त्यांची.

आता पथकाचं. आमच्याकडे ढोल-ताशा पथक आहे आणि मी त्यात ताशा वाजवते, चांगला वाजवते. प्रॅक्टिस आधी एका पार्कच्या पार्किंगमध्ये व्हायची. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस बिचारे सभ्यपणे आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, फार सुंदर आहे, प्लीज बंद करा. गणपती तोंडावर आलेले आणि वाजवायला जागा नाही. मी काकांना गळ घातली. काका मालकांकडे गेले. रविवारी वेअरहाउसच्या मागचं यार्ड मोकळंच असतं, कधीतरी एखादा ट्रेलर आला तर तेवढाच. मालक म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर. कुणाला खरचटलं तरी यार्ड बंद."

काकांच्या अटी ऐकून आमचा पथकप्रमुख सौरभ उडालाच. सौरभ पुण्याचा, सदाशिव पेठेतला, वय तिशीचं, आणि पथक या विषयावर देवाचंही न ऐकणारा. अटी अशा: सगळ्यांनी व्हेस्ट घालायचे, यार्डात मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंच्या बाहेर पाऊल नाही, आणि यार्डात ट्रक हलला की ढोल बंद.

"बंद?" सौरभ म्हणाला. "काका, लय तुटते हो! आवर्तनाच्या मधे कुणी थांबतं का?"

"ट्रक मागे येताना बीप बीप करतो. तुमच्या वीस ढोलांत ते बीप बीप कुणाला ऐकू येणार आहे? माझी शिट्टीसुद्धा ऐकू येणार नाही. म्हणून मी झेंडा दाखवणार. झेंडा वर, टिपरू खाली."

काकांनी कामावरचा केशरी झेंडा आणला. दर रविवारी ते यार्डाच्या तोंडाशी उभे. झेंडा वर गेला की आम्ही गप्प, सौरभचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा. "यार, हा माणूस गणपतीला पण व्हेस्ट घालेल," तो माझ्या कानात म्हणायचा. पण चालत होतं सगळं.

तेवढ्यात माझी आई नागपूरहून आली. आणि त्याच रविवारी सौरभने ठरवलं, आज व्हिडिओ काढायचा. पूर्ण वेशात! पांढरे कुर्ते, नऊवाऱ्या, फेटे, नथी. व्हेस्ट अर्थातच नाहीत. सगळे एका बॅगेत कोंबून त्याच्या गाडीत गेले, आणि गाडी कुंपणापलीकडे.

काका काकूंना घेऊन आले ते ठेवणीतला घालून, व्हिडिओ आहे म्हणून. आणि बघतात तर पथक पांढरंशुभ्र.

"व्हेस्ट कुठायत?"

"काका, फक्त आजचा दिवस. प्लीज! नऊवारीवर व्हेस्ट? आपण गणपतीचे लोक आहोत की रस्त्याच्या कामावरचे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नथ नीट करत होते. "बरं," ते म्हणाले, "एक ट्रेलर यायचाय. आला की झेंडा दाखवीन. माझ्याकडे लक्ष ठेवा म्हणजे झालं." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आईला सप्टेंबरातही थंडी वाजत होती. तिने विटकरी साडीवर माझा काळा लांब कोट चढवला होता आणि शंकूंशेजारी फोन धरून उभी होती. काकांना काळं दिसलं की राहवत नाही. ते सरळ तिच्याकडे गेले, स्वतःचा व्हेस्ट काढला आणि म्हणाले, "ताई, हा घाला."

"काहून भाऊ? मी काय रोडचं काम कराले आली का?"

"ऊब येते याने," काका म्हणाले. आयुष्यात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच. आई विरघळली. परका माणूस अंगावरचं काढून देतोय म्हटल्यावर काय बोलणार? तिने कोटावर व्हेस्ट चढवला, काकांनी चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि ते पांढऱ्या शर्टात आपल्या जागेवर गेले.

आम्ही सुरू केलं. अहाहा! त्या दिवशी काय वाजलं म्हणून सांगू! सूर्य उतरायला आला होता, ट्रेलर्सच्या पत्र्यांवरून आवाज दुप्पट होऊन परत येत होता. आणि मग सौरभने खूण केली, तशी आमची चार मुलं भगवे झेंडे घेऊन पुढे आली आणि नाचवायला लागली. प्रॅक्टिसला आम्ही झेंडे कधी आणलेच नव्हते. वेशाबरोबर आले ते.

भगवे झेंडे हवेत, पांढरे कुर्ते सगळीकडे. आणि त्यांच्या पलीकडे, पांढऱ्या शर्टातला एक ठेंगणा माणूस केशरी झेंडा हलवत उभा.

कुणाला दिसणार हो तो?

ट्रेलर आला होता. ह्यूगो यार्डाच्या ट्रकने तो मागे मागे ढकलत गोदामाच्या दाराशी लावत होता. बीप बीप वाजत असेल, आम्हाला काय ऐकू येणार? काका शिट्टी फुंकत होते, झेंडा नाचवत होते, आणि मला आठवतंय, मी मनात म्हटलं, वा, आज काकाही रंगात आले! आई मला आणि माझ्या ताशाला आणि अख्ख्या पथकाला एका चित्रात बसवायचं म्हणून एकेक पाऊल मागे सरकत होती. शंकू कधी मागे टाकला तिला कळलंही नाही. तिची पाठ ट्रेलरकडे.

मग मी काकांना धावताना पाहिलं. यार्डात धावायचं नाही, हे मला शिकवणारा माणूस तो. झेंडा फेकून, टक्कल लाल, आईच्या दिशेने. तेव्हा कुठे मी तिच्या मागे बघितलं. माझ्या हातातून काड्या गळल्या. ओरडले असेन, पण माझं मलाच ऐकू आलं नाही.

ट्रेलर थांबला. एक धक्का खाऊन, जागच्या जागी. आई आणि त्याच्यामध्ये एखादी चटई अंथरता आली असती. आणि त्या तेवढ्या जागेत काका उभे, दोन्ही हात पसरून, आईला पाठीशी घालून.

ढोल एकेक करत बंद पडले. ह्यूगो उडी मारून खाली आला. त्याने आईच्या छातीवरच्या पट्टीकडे बोट दाखवलं, मग काकांकडे.

"आय सॉ हर, बॉस. इन द मिरर. शी वॉज शायनिंग." आणि मग काकांकडे वळून, "बट यू... आय नेव्हर सॉ यू. आय स्टॉप्ड फॉर हर. व्हेअर डिड यू कम फ्रॉम?" पुढचं तो त्याच्या स्पॅनिशमध्ये, छातीवर क्रॉसची खूण करत, देवाशीच बोलला.

मी आईला मिठी मारली आणि भोकाड पसरून रडले. काजळ, नथ, मेकअप, सगळं वाहून गेलं. आईला पत्ताच नव्हता. "काय झालं वं? काहून रडून राह्यली? हे भाऊ मधातच आले, माझा व्हिडिओ पार बिघडला ना बाप्पा!"

काका गोदामाच्या पायरीवर बसले होते. मी पाणी घेऊन गेले. मला वाटलं आता ते आमची सालटी काढणार, आणि काढायलाच हवी होती.

"काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं. "परत सांग."

"आई आरशात चमकली म्हणाला. म्हणून ब्रेक दाबला."

"आणि मी?"

"तुम्ही दिसलाच नाहीत."

काका माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे चालतं!" ते म्हणाले. "अगं, चालतं की! तिच्या अंगावर होता, ती दिसली. माझ्या अंगावर नव्हता, मी नाही दिसलो. एकाच जागी, एकाच आरशात! असा पुरावा शोधून सापडला नसता!" डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हा माणूस हसत होता. तेवढ्यात काकू तिथे आल्या आणि पुराव्याचं त्यांनी काय केलं ते विचारू नका. "मेला असतात म्हणजे? पुरावा मला भिंतीला टांगायचा होता का?"

सौरभ खाली मान घालून आला तेव्हा काका त्याला इतकंच म्हणाले, "चूक माझीही आहे रे. भगव्यात केशरी झेंडा घेऊन उभा राहिलो. लोकांना दिसायला शिकवतो आणि मीच दिसलो नाही." मालकांना त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. यार्ड बंद झालं, ते व्हायचंच होतं. पुढच्या रविवारी काकांनी कुठल्याशा चर्चच्या मागची जागा मिळवली आणि शाळेबाहेर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईच्या हातात असते तसली लाल पाटी घेऊन हजर झाले. विसर्जनाला आमचं अख्खं पथक फेटे, नथी आणि वरून पोपटी व्हेस्ट घालून रस्त्यावर उतरलं. कल्पना सौरभची. लोक विचारायला लागले, हे काय नवीन? तर म्हणतो कसा, "पुण्यात सध्या हेच चालू आहे."

काका आता देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला असतात, लेकीकडे. रिटायर झाले. तिथल्या टाउनहाउसेसच्या पार्किंगमध्ये सकाळी काय चालत असेल याची मला इथे बसून कल्पना येते.

आईने ठेवणीतला व्हेस्ट परत केलाच नाही. काय झालं होतं ते तिला मी समजावून सांगितलं, तेव्हा तिने तो घडी घालून आपल्या शालूच्या खाली बॅगेत ठेवला. आता नागपूरला रोज सकाळी तो घालून फिरायला जाते. परवा फोनवर सांगत होती, रस्ता ओलांडत होती तर एक ऑटोवाला करकचून थांबला आणि डोकं बाहेर काढून म्हणाला, "ओ काकू, हा रोड कधी पूर्ण होऊन राह्यला?"

मी हसून हसून लोळले आणि लगेच काकांना फोन लावला. सगळं साभिनय सांगितलं, आईचा आवाज, ऑटोवाल्याचा आवाज. काका हसले नाहीत.

"थांबला ना पण तो?" त्यांनी विचारलं.

"हो काका. थांबला."

"मग झालं तर," काका म्हणाले.